खानदेशचं ऊन वेगळं, घानाचा उकाडा वेगळा

प्रश्न: माझं माहेर पारोळ्याचं, सासर यावलचं. मिस्टरांना घानात टेमा इथल्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही तिघं इकडे आलो. मुलगा दीड वर्षाचा आहे. अंगभर घामोळं, जेवणावरची वासना गेलेली, दोनदा ताप येऊन गेला. सासूबाई फोनवर म्हणतात, "चव्वेचाळीस डिग्रीत आम्ही पोरं वाढवली, तुमच्याकडे तर तीस-बत्तीसच आहे. एसी बंद कर, तेल जास्त जिरव, ताप आला तर दोन दिवस वाट बघ." आई म्हणते, पोराला घेऊन परत ये. मला दोघींचंही पटतं आणि मग काहीच सुचत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी यावं म्हणते. सासूबाईंनाही इकडे राहायला बोलवायचं आहे, त्या बासष्ट वर्षांच्या आहेत. काय करू?

उत्तर: ताई, घामोळं, जेवण, आखाजी या सगळ्यावर बोलू, पण आधी ताप. सासूबाईंचं हे एक म्हणणं अजिबात ऐकायचं नाही. घानात लहान मुलाला ताप आला तर दोन दिवस सोडाच, रात्र उलटायचीही वाट बघायची नाही. त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी.

याचं कारण त्यांनाही समजावून सांगा. आपल्याकडे मलेरिया म्हटलं की थंडी वाजून येणारा, दिवसाआड चढणारा, माणसाला खंगवणारा ताप डोळ्यांपुढे येतो. आपल्या भागात व्हायव्हॅक्स हा त्यातल्या त्यात सौम्य प्रकारही बराच असतो. घानात मात्र जवळपास सगळा मलेरिया फॅल्सिपेरम या घातक प्रकारचा, आणि तो लहान मुलात एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पट्टीवरची तपासणी पंधरा-वीस मिनिटांत होते. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या, पण त्यानं ताप उतरला म्हणून तपासणी टाळू नका. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर पुन्हा करून घ्या. मूल सुस्त पडलं, झटका आला, पाणीही पोटात ठरेना, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठायचा. रात्री कोणत्या दवाखान्यात जायचं आणि गाडी कोण आणणार, हे आजच ठरवून ठेवा. घरात उरलेल्या मलेरियाच्या गोळ्या अंदाजानं देऊ नका. मागचे दोन ताप कशाचे होते, तपासणी झाली होती का, हे वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. टेमा विषुववृत्ताच्या इतकं जवळ आहे की बारा महिने सहाच्या सुमारास अंधार पडतो. आपल्याकडे हीच वेळ पोरांना ओट्यावर सोडायची. तिथं उलट करा. बाहेरचं खेळणं सकाळी लवकर, आणि साडेपाचला पूर्ण बाह्यांचे कपडे घालून घरात. औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्यायची, एसीच्या खोलीतसुद्धा, कारण वीज गेली की खिडक्या उघडल्या जातात. डास पळवणारं डीटचं मलम या वयात चालतं. फक्त ते तीस टक्क्यांपेक्षा जास्त तीव्र नको आणि मुलाच्या हातांना लावायचं नाही, हात तोंडात जातात.

आणखी एक. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-२१ ही मलेरियाची लस जगात सगळ्यात आधी घानानं मंजूर केली, २०२३ च्या एप्रिलमध्ये, ५ ते ३६ महिन्यांच्या मुलांसाठी. तुमचा मुलगा त्या वयात आहे. लसीकरणाच्या दवाखान्यात जाऊन त्याला मलेरियाची लस मिळेल का ते विचारा. जाताना भारतातलं लसीकरणाचं कार्डही न्या. लस घेतली तरी मच्छरदाणी सोडायची नाही.

आता उकाडा. सासूबाई खोटं बोलत नाहीत. जळगाव-भुसावळचा मे महिना ज्यांनी काढला, त्यांना बत्तीस डिग्री म्हणजे थंडीच वाटणार. पण आपली झळ कोरडी असते. घाम आला की लगेच उडतो आणि उडताना अंग गार करतो. म्हणून तर आपल्या घरात पाण्याचा कूलर चालतो आणि माठातलं पाणी थंड होतं. टेमाच्या समुद्रकाठी हवा आधीच ओलीनं भरलेली, तिथं घाम उडतच नाही, कातडीवर तसाच साचतो. कूलर तिथं लावलात तर खोली आणखी दमट होईल. त्यामुळे एसी ही चैन नाही. सव्वीस-सत्तावीसवर ठेवा, मूल नीट झोपलं की निम्मं काम झालं.

आजीचे नियम मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. प्रत्येक नियमापाशी थांबून एवढंच विचारायचं की हा कशासाठी होता. तेल जिरवायचं ते कोरड्या वाऱ्यानं कातडी तडकू नये म्हणून. दमट हवेत तेच तेल घामाची छिद्रं बुजवतं आणि घामोळं वाढतं. मालिश हवी तर आंघोळीआधी करा आणि तेल धुऊन काढा. दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं आंघोळ, मऊ फडक्यानं टिपून कोरडं करणं, मांड्यांच्या आणि गळ्याच्या घड्या उघड्या ठेवणं, आणि पातळ सुती झबलं, एवढ्यानं बहुतेक घामोळं बसतं. पावडरचा थर नको. पू दिसला तर डॉक्टरांना दाखवा. एसीच्या बंद खोलीत धुरी देऊ नका, आणि काजळ-सुरमा घालू नका. सुरम्यात शिसं सापडलेलं आहे.

पण तेच तेल डिसेंबर उजाडला की पुन्हा बाहेर काढा. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी सहाराकडून हरमॅटन वारा येतो. हवा एकाएकी कोरडी होते, ओठ फुटतात, सगळ्यावर बारीक धूळ बसते. त्या दिवसांत सासूबाईंना फोन करून विचारा, काय करू म्हणून. ओली चादर दारात टांगणं, नाकाला तूप, खोबरेल तेल, हे सगळं तेव्हा कामाला येईल. आणि आपलं विचारलं जातंय हे त्यांनाही कळेल. दूर असलेल्या आजीला याच्याइतकं हवं असलेलं दुसरं काही नसतं.

कपड्यांचं आपल्याकडून येणाऱ्या बायकांना कुणी आधी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खानदेशात धुतलेलं लंगोट कडक उन्हात वाळलं की निर्जंतुक झालं असं आपण मानतो. पश्चिम आफ्रिकेत टुंबू नावाची माशी आहे, ती बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते. त्यातून निघालेली अळी कातडीत शिरते आणि तिथं गळवासारखा फोड येतो, मधोमध बारीक छिद्र असलेला. उपाय म्हणजे कडक इस्त्री. दोन्ही बाजूंनी, शिवणीवर, चड्डीच्या इलॅस्टिकवर, झबल्याच्या काखेत, कारण अंडी नेमकी तिथंच उरतात. चादरी, टॉवेल, पंचे, सगळं. शक्य असेल तर जाळीच्या आत वाळवा. असा फोड दिसला तर घरी पिळू नका, अळी आत तुटली की पिकतं. छिद्रावर व्हॅसलीनचा जाड थर दिला की तिची हवा कोंडते, मग डॉक्टर ती अलगद काढतात. दिसायला भयंकर, पण त्यापलीकडे घाबरण्याचं कारण नाही. मदतनीस बाई असतील तर इस्त्रीचं काम त्यांना नीट दाखवून द्या. त्यांना याची माहिती तुमच्यापेक्षा जास्त असेल.

जेवणाचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंय असं पत्रावरून वाटतं. दमट हवेत मुलाची भूक दुपारी मरतेच. मोठं जेवण सकाळी सात-आठला आणि दुसरं तिन्हीसांजेला द्या, मध्ये थोडं थोडं. आणि सामान गावाहून आणायचा हट्ट सोडा. दादर ज्वारीचं पीठ, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ त्या हवेत चार दिवसांत कुबट होतं, त्यात जाळी धरते. आणलंच असेल तर फ्रीजरमध्ये ठेवा. बिबड्या आणि कुरडयाही हवाबंद डब्यातच. ज्वारी-बाजरी घानाच्या उत्तर भागात पिकते आणि बाजारात मिळते. सकाळी रस्त्याच्या कडेला बायका बाजरीची आंबवलेली पेज विकतात, हौसा कोको म्हणतात तिला, सोबत चवळीची भजी. मुलासाठी ती तिखट पडेल, त्यात आलं-मिरी भरपूर असते. पण तीच बाजरी आणून घरी पातळ पेज करा, वर तूप. यावलच्या घरातल्या पोराला केळं वेगळं सांगायला नको. तिथं मोठी भाजीची केळी दिसतील, प्लँटेन, ती मात्र उकडून द्यायची. कोंटोमिरे म्हणून पानं मिळतात, आपल्या अळूच्या जवळची, ती चांगली शिजवून पातळभाजीसारखी करा.

शेंगदाणे घानात मुबलक, आणि शेंगदाण्याशिवाय आपला स्वयंपाक होत नाही. दोन गोष्टी पाळा. अख्खा दाणा या वयात हातात द्यायचा नाही, घशात अडकतो. बारीक कूट किंवा वाटणच. आणि दमट हवेत साठवलेल्या दाण्यावर बुरशी धरते, तिचं विष यकृताला मारतं आणि भाजल्यानं जात नाही. काळपट, सुरकुतलेला, कडू दाणा निवडून फेकून द्या. थोडे थोडे आणा.

पाणी उकळून. जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायचं, अंदाजानं नाही. सोबत डॉक्टरांना विचारून झिंक. भाताची पेज, ताक, वरणाचं पाणी चालू ठेवा.

आता आईचं "परत ये". मिस्टर कारखान्यात गेले की दिवसभर घरात तुम्ही आणि मूल, दोघंच असता. मला यातली खरी अडचण ती वाटते, उकाडा नव्हे. गावी मूल दहा हातांवर वाढतं, तिथं दोन हात आहेत. मिस्टरांना स्पष्ट सांगा की कारखान्यातून आल्यावरचा एक तास मूल त्यांचं, आणि त्या तासात तुम्ही मच्छरदाणीत नुसत्या पडून राहिलात तरी चालेल. अक्रा-टेमात मराठी आणि गुजराती कुटुंबं आहेत. आठवड्यातून एक सकाळ कुणाकडे तरी जायचीच, घर आवरलेलं नसलं तरी. घाना भारताच्या साडेपाच तास मागे आहे. तिकडे सकाळचे साडेसात म्हणजे यावलला दुपारचा एक, सासूबाईंचं जेवण उरकलेलं असतं. त्या वेळी फोन मुलासमोर ठेवा आणि त्यांनाच बोलू द्या, तुम्ही भाजी निवडा. पोराच्या कानावर घरची बोली रोज पडेल आणि तुम्हाला अर्धा तास मिळेल.

आखाजीला माहेरी जायची ओढ मला ठाऊक आहे. झोका, गौराईची गाणी, बहिणी-भावजया, वर्षभर लेक त्याचीच वाट बघते. तरीही यंदा नको असंच सांगेन. आखाजी येते एप्रिल अखेरीस किंवा मे महिन्यात, भर लूमध्ये, म्हणजे उन्हाळ्याच्या गरम वाऱ्यात. दमट हवेतलं मूल एकदम कोरड्या झळीत आलं की घाम दिसत नाही, उडून जातो, आणि पाणी किती गेलं ते कळत नाही. त्यापेक्षा श्रावणात कानबाईच्या सणाला या. यायचंच ठरलं तर मुंबईहून रात्रीच्या गाडीनं या, अकरा ते पाच धाब्याच्या घरात आतल्या खोलीत राहा, आणि लघवीवर लक्ष ठेवा. सहा तासांत लंगोट ओलं झालं नाही तर पाणी कमी पडतंय. गावी आल्यावर किंवा पुढच्या काही महिन्यांत मुलाला ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की आम्ही घानाहून आलोय. न सांगितलं तर ते सर्दी-खोकल्याचा ताप समजून औषध देतील.

घानाहून भारतात येताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. मुलाला ही लस नऊ महिन्यांनंतर देता येते, घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि जन्मभर चालतं. नसेल तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, मूल असलं तरी. त्याचं प्रमाणपत्र पासपोर्टातच ठेवा.

सासूबाईंना जरूर बोलवा. पण घानात जायला हीच लस त्यांनाही लागेल, आणि साठीनंतर ती पहिल्यांदा घेणाऱ्यांमध्ये गंभीर त्रास होण्याचा धोका, दुर्मीळ असला तरी, तरुणांपेक्षा जास्त असतो. म्हणून आधी जळगावला त्यांच्या नेहमीच्या फिजिशियनकडे न्या. रक्तदाब, साखर, चालू असलेल्या गोळ्या, अंड्याचं वावडं, सगळं सांगा. त्यांनी हो म्हटलं तरच सरकारमान्य केंद्रात, मुंबईला किंवा पुण्याला. मलेरिया टाळण्याच्या गोळ्याही त्याच वेळी लिहून घ्या. त्या निघण्याआधी सुरू करायच्या असतात आणि परत आल्यावरही ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यायच्या असतात, हे त्यांच्या लक्षात राहायला हवं. दम्याचा त्रास नसेल तर नोव्हेंबर अखेरीस बोलवा, पाऊस संपलेला असतो, पण पुढे हरमॅटनची धूळ असते. डॉक्टरांचा होकार आणि लशीची तारीख हातात आली की मग तिकीट काढा, त्याआधी नाही.