जपानच्या खेड्यातल्या शाळेत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून दिवस कसा जातो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, जपानच्या ग्रामीण शाळेत साहाय्यक इंग्रजी शिक्षक, म्हणजे एएलटी, दिवसभर नेमकं काय करतात. दुसरी, 'नुसतं टेपरेकॉर्डरसारखं वाचून दाखवायचं काम असतं' हे ऐकलंय ते खरं का. मी ऑगस्ट २०१८ ते जुलै २०२१ अशी तीन वर्षं हे काम केलं. परदेशी तरुणांना तिथल्या शाळांत नेमणाऱ्या जपान सरकारच्या जेट कार्यक्रमातून गेले होते आणि नेमणूक मिळाली ओकायामा प्रांताच्या उत्तरेला, चूगोकू डोंगरातल्या एका लहानशा गावात. ओकायामा म्हटल्यावर पुणेकरांना पु. ल. देशपांडे उद्यान आठवेल. ते ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. मी राहायचे तिथून त्या मूळ बागेत जायचं तर एका डब्याची रेल्वे, मग गाडी बदल, असा अख्खा दिवस मोडायचा.

टेपरेकॉर्डरचं आधी सांगते, कारण ते काही वेळा खरं असतं. माझ्याकडे पाच शाळा होत्या. एक चूगाक्को, म्हणजे आपल्या सातवी ते नववीची शाळा, आणि चार प्राथमिक. एका शाळेत तासाला माझं काम एवढंच होतं की धडा वाचायचा, मुलांनी मागून म्हणायचा, आणि मग उरलेली चाळीस मिनिटं फळ्याशेजारी उभं राहायचं. मुख्य शिक्षक व्याकरण जपानीतून समजावत. ते वाईट शिक्षक नव्हते, त्यांच्यावर प्रवेश परीक्षेचं ओझं होतं. पण तासभर हात बांधून उभं राहिल्यावर घरी येऊन मी रडलेय, हे लपवत नाही. चांगली डिग्री घेऊन, घरच्यांची समजूत काढून एवढ्या लांब आपण यासाठी आलो का, असं वाटायचंच. पहिले तीन-चार महिने हेच चाललं होतं. मग हळूहळू लक्षात आलं की माझं काम वर्गात कमी आणि वर्गाबाहेर जास्त आहे.

दिवस असा जायचा. सकाळी सव्वाआठला हजर. दारात बाहेरचे बूट काढून फडताळात ठेवायचे, आतले बूट घालायचे. शिक्षकांच्या खोलीत टेबलं एकमेकांना जोडून मांडलेली असतात आणि उपमुख्याध्यापक सगळे दिसतील अशा जागी बसतात. सकाळी सगळ्यात आधी येणारे आणि रात्री कुलूप लावून जाणारे बहुतेक तेच. छोटी सभा होते, आज कोणता वर्ग कुठे, कोणतं मूल आजारी. मला सुरुवातीला त्यातलं निम्मंही कळायचं नाही. पुण्यात जपानीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, पण तिथली बोली वेगळी. 'खूप' याला मुलं 'देएरे' म्हणायची, तो शब्द कुठल्या पाठ्यपुस्तकात होता!

प्राथमिकचा तास ४५ मिनिटांचा, चूगाक्कोचा ५०. दिवसाला तीन ते पाच तास. एप्रिल २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तास, तिसरी-चौथीला ३५ तासांचा उपक्रम. हा बदल मी आतून पाहिला. प्राथमिकला एकच वर्गशिक्षक जवळपास सगळे विषय शिकवतात. गणित, जपानी, उड्या मारायचा दोरसुद्धा. त्यांच्यावर अचानक इंग्रजी आलं. पन्नाशीच्या एक बाई तासाआधी मला जिन्यात गाठायच्या आणि 'व्हॉट वुड यू लाइक?' हे वाक्य चार-पाचदा म्हणवून घ्यायच्या, मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात. वर्गात गेल्यावर मात्र खणखणीत म्हणायच्या. त्यांच्याबरोबरचे तास माझे सगळ्यात चांगले तास.

उच्चारांची तुम्हाला धास्ती असेल, मलाही होती. पुस्तकासोबतच्या ध्वनिफिती अमेरिकन वळणाच्या, आणि आपलं 'वॉटर' वेगळं. खरी अडचण 'थ'ची होती. इंग्रजीतला तो आवाज आणि आपला 'थ' एक नव्हे. आधी मी स्वतः आरशासमोर जीभ दातांत धरून शिकले, मग मुलांना शिकवलं. बाकी आपल्या उच्चारांनी काही बिघडत नाही. उलट जगात इंग्रजी अनेक तऱ्हांनी बोलतात हे मुलांना आपल्याकडूनच कळतं, आणि ते कळणं फार गरजेचं आहे, कारण 'आपलं इंग्रजी चुकीचं' या भीतीनेच ती गप्प बसतात.

मराठी माणसाला तिथे एक गंमत हाती लागते. तिसरीच्या वर्गात मुलांनी 'तुमच्या देशाची अक्षरं दाखवा' म्हणून हट्ट केला. मी फळ्यावर क, च, ट, त, प, य, र, व अशा ओळी लिहून मोठ्याने म्हटल्या. मागे बसलेल्या वर्गशिक्षिका एकदम उठून पुढे आल्या. जपानी मुळाक्षरांचा क्रम आहे आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. स्वर आधी, मग व्यंजनं, आणि तीही घशापासून ओठांकडे. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून, सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीबरोबर तिकडे पोहोचला. गावच्या देवळामागच्या स्मशानात लाकडी फळ्यांवर ती सिद्धम् अक्षरं आजही काढतात. शाळा सुटल्यावर बाई मला तिथे घेऊन गेल्या आणि मी एक अक्षर वाचलं, 'अ'. देवनागरीपेक्षा वळण वेगळं होतं, पण ओळखू आलं. त्या जागी आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या उभ्या होतो.

दुपारचं जेवण हा दिवसाचा गाभा. शाळेतच जेवण असतं, मुलंच पांढरे अॅप्रन आणि टोप्या घालून डेगी उचलून आणतात, वाढतात. सोबत २०० मिलीलीटर दूध. मुलांनी खाण्याआधी मुख्याध्यापक ते अन्न खाऊन बघतात, हा तिथला नियमच आहे. काही उरलं, समजा एक पुडिंग, तर ते कुणाला यावर दगड-कागद-कात्री होते आणि अख्खा वर्ग जीव तोडून खेळतो. मी रोज वेगळ्या वर्गात, वेगळ्या टेबलाशी बसायचे. तुम्ही शाकाहारी असाल तर हे अगदी पहिल्या आठवड्यात सांगा. भाजी शाकाहारी दिसली तरी रस्सा बहुतेक वेळा माशाच्या अर्कावर केलेला असतो. मी शाळेला विचारून डबा न्यायला लागले. पोळीची घडी बघायला रोज डोकी जमायची. 'स्पायसी?' हा त्या मुलांनी मला न घाबरता विचारलेला पहिला इंग्रजी प्रश्न.

म्हणूनच २०२० फार जड गेलं. मार्चमध्ये देशभर शाळा बंद झाल्या. परत उघडल्या तेव्हा जेवताना सगळ्यांनी फळ्याकडे तोंड करून, एक शब्द न बोलता जेवायचं. त्याला पुढे शब्दही रूढ झाला, 'मोकुशोकू', मूक जेवण. मास्कच्या आड 'थ' कसा दाखवणार? फळ्यावर जीभ आणि दात काढून दाखवले. एकमेकांजवळ जायचे खेळ सगळे बंद.

आता साफसफाई. जेवणानंतर सगळी शाळा, शिक्षकांसकट, पंधरा मिनिटं झाडलोट करते. सगळ्यात लहान शाळेत एकूण २३ मुलं होती. दोन इयत्ता मिळून मुलं १६ किंवा कमी असली तर त्यांचा एकच वर्ग करतात, तसा पाचवी-सहावीचा एकच वर्ग होता. त्यात सहावीचा एक मुलगा. तासाला नाव विचारलं तरी मान खाली. मी वर्षभर त्याचा आवाज ऐकला नव्हता. माझी आणि त्याची पाळी एकाच व्हरांड्यात यायची. ओलं फडकं दोन्ही हातांनी दाबून, वाकून, या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जायचं. जून २०१९ मध्ये व्हरांड्याच्या कोपऱ्यात त्याने एक प्लास्टिकची पेटी आणून ठेवली. आत माती आणि एक शिंगवाला भुंगा, काबुतोमुशी. फडकं पिळता पिळता पेटीकडे बोट करून तो म्हणाला, "एइगो दे?" इंग्रजीत काय म्हणतात? मी म्हटलं, "बीटल." त्याने मान डोलवली आणि पळाला.

पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर चिठ्ठी. भुंग्याचं चित्र, खाली इंग्रजीत: धिस इज माय बीटल. ही ईट्स जेली. 'ईट्स'मधला 'एस' कुणी शिकवला होता कोण जाणे, त्यांच्या पुस्तकात तो अजून आला नव्हता. मी खाली प्रश्न लिहिला, 'डझ ही स्लीप?' आणि चिठ्ठी पेटीखाली ठेवली. असं उन्हाळाभर चाललं. सप्टेंबरमध्ये, सुट्टीनंतर, पेटीत भुंगा नव्हता आणि चिठ्ठीवर होतं, 'ही इज डाय.' ते वाक्य चुकलंय. मी दुरुस्त केलं नाही. त्याने मला खरोखर काहीतरी सांगितलं होतं, आणि सांगायला त्याच्याजवळ जे इंग्रजी होतं ते सगळं वापरलं होतं. मी खाली लिहिलं, 'आय ॲम सॉरी.'

तर तुमच्या टेपरेकॉर्डरच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. वर्गातलं काम कुणीही करू शकेल, अॅपसुद्धा करेल. मुलाला काही सांगावंसं वाटतं तेव्हा ऐकायला जे माणूस समोर लागतं, त्याचं काम ॲपने होत नाही. मात्र त्यासाठी रिकाम्या तासाला शिक्षकांच्या खोलीत फोन बघत बसू नका. मधल्या सुट्टीत मैदानावर जा, डॉजबॉलचा मार खा, फडकं हातात घ्या.

संध्याकाळचं थोडक्यात. पाच वाजता गावभर भोंग्यांवर सूर वाजतो, मुलांनी घरी जायचा इशारा. त्यानंतर शांतता. दुकान गाडीने वीस मिनिटांवर. गाडी लागतेच, छोटी, तिथे अशा गाड्यांना असते तशा पिवळ्या पाटीची. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात ही सोय. भारतातून काढून नेलेला आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभर चालतो, नंतर तिथली परीक्षा द्यावी लागते, मी तिसऱ्या खेपेला पास झाले. डिसेंबरआधी बर्फाचे टायर चढवा. घरं थंड असतात, खोलीत रॉकेलचा हीटर असतो. जानेवारी-फेब्रुवारीत एकटेपणा अंगावर येतो, त्याची तयारी ठेवा. माझ्या दाराशी शेजारच्या आजी न बोलता मुळे ठेवून जायच्या, मातीसकट. मी मुळ्याचे पराठे करून परत द्यायचे. त्या आजी नसत्या तर दुसरा हिवाळा मी काढला नसता.

एप्रिलमध्ये शिक्षकांच्या बदल्या होतात, आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांसारख्याच. जिन्यात वाक्य घोकणाऱ्या बाईही अशाच गेल्या. याची मनाला सवय होत नाही.

पैशांचं विचारलं नाहीत तरी सांगते. माझ्या वेळी जेटचं पहिल्या वर्षाचं वेतन ३३ लाख ६० हजार येन होतं, करार एकेक वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं. खेड्यात भाडं कमी, त्यामुळे बचत होते. अर्ज दिल्लीच्या जपानी दूतावासामार्फत, कुठल्याही शाखेची पदवी चालते. भारतातून घेतात फार थोड्यांना. खासगी कंपन्यांमार्फतही जाता येतं, पण तिथे सुट्ट्यांच्या महिन्यांचा पगार मिळतो का, हे करारात नीट वाचून घ्या.

तो मुलगा २०२० च्या एप्रिलमध्ये चूगाक्कोत आला, तिथेही मीच होते. वर्गात अजूनही कमीच बोलायचा. जुलै २०२१ मध्ये माझ्या शेवटच्या आठवड्यात तो शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभा राहिला, मास्क लावलेला, हातात तीच पेटी. त्या पहिल्या भुंग्याच्या पिल्लांचे पुढच्या वर्षी भुंगे झाले होते, त्यांच्या अंड्यांतून या वर्षीचे. पेटीत एकच होता. मी विचारलं, "इज ही द ग्रँडसन?"

त्याने पेटी माझ्या डोळ्यांजवळ धरली. भुंग्याला शिंग नव्हतं.

"नो," तो म्हणाला. "शी."