निविदेतले स्पेसिफिकेशन एकाच कंपनीला बसेल असे असेल तर हरकत घेऊन उपयोग होतो का?

होतो, पण हरकत वेळेत आणि मुद्द्याला धरून घेतली तरच. प्रयोगशाळेच्या उपकरणांच्या तांत्रिक बोली तयार करणे हेच माझे काम आहे. तुम्ही म्हणता, डीप फ्रीझरच्या निविदेतले आकडे एका कंपनीच्या कॅटलॉगशी तंतोतंत जुळतात. अर्जात एवढेच लिहिलेत तर 'आमची गरजच तशी आहे' असे उत्तर येईल. गरज काय हे ठरवण्यात न्यायालयेही सहसा हात घालत नाहीत.

म्हणून कंपनीचे नाव बाजूला ठेवा आणि एकेका आकड्याचे कारण विचारा. उणे 80 अंश तापमान ही गरज झाली. दार उघडून लावल्यावर ते किती वेळात पूर्ववत व्हावे, हीसुद्धा. पण क्षमता बरोबर 486 लिटर आणि स्क्रीन सात इंचीच असल्याने नमुने जास्त सुरक्षित राहतात का? एकेक अट सुटी पाहिली तर निरुपद्रवी वाटते. सगळ्या एकत्र लावल्या की एकच मॉडेल उरते. बाजारातल्या मॉडेलांचा तक्ता करून कोणती अट कोणाला बाद करते ते दाखवा. शेजारी पर्यायी मजकूरही द्या, उदाहरणार्थ 'किमान 450 लिटर'. तयार मजकूर हाती असला की अधिकाऱ्याला शुद्धिपत्रक काढणे सोपे जाते.

हे सारे प्री-बिड बैठकीआधी, म्हणजे बोली भरण्यापूर्वी शंका ऐकण्यासाठी होणाऱ्या बैठकीआधी, आणि लेखी. अपात्र ठरल्यावर तक्रार केलीत तर 'अटी मान्य करूनच बोली भरली होती ना?' असे विचारतात.

तत्त्व तुमच्या बाजूचे आहे. जागतिक व्यापार संघटनेचा सरकारी खरेदी करार सांगतो की निकष शक्यतो रचनेवर नव्हे, कामगिरीवर ठरवावेत आणि ब्रँडचे नाव टाळता येत नसेल तर 'किंवा समतुल्य' लिहावे. नेदरलँड्समध्ये हवामान केंद्राच्या खरेदीत युनिक्स ही संगणक प्रणाली मागताना हेच शब्द गाळले होते. 1995 मध्ये युरोपीय न्यायालयाने ते नियमबाह्य ठरवले.

प्रत्येक काटेकोर अट मात्र लबाडीची नसते. जुन्या यंत्राला जोडायचा भाग त्याच कंपनीचा लागू शकतो. तसे असेल तर कारण नोंदवून उघडपणे एकाच पुरवठादाराकडून घ्यावे. स्पर्धेचा देखावा उभा करून इतरांना बोली भरायला लावणे मला फार अन्यायाचे वाटते. त्यांची अनामत रक्कम आणि मेहनत अडकून पडते.

उत्तर आले नाही तर अर्जाची पोच जपून ठेवा आणि बोलीची मुदत संपण्याआधीच वरिष्ठ प्राधिकरणाकडे जा.