दिव्यांग दाखला आणि निराधारचा पगार यासाठी एजंटला पैसे द्यावेत का?

तुमच्या भावाचा पाय गुडघ्याखालून कापलाय. दाखला आणि संजय गांधी निराधारचा पगार दोन्ही करून द्यायचे एजंट पाच हजार मागतोय, वर "काम नाही झालं तर पैसे परत" म्हणतोय, तर द्यावेत का, असं विचारलंय.

नका देऊ. आणि ते "पैसे परत" ऐकून तर मुळीच नका देऊ. आमचे दाजी त्यालाच भुलले होते.

2022 ची गोष्ट. आक्काला लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला. जुना दाखला हाताने लिहिलेला, तो तहसीलमध्ये चालेना, ऑनलाइन यूडीआयडी (दिव्यांगांचं केंद्राचं ओळखपत्र) पाहिजे. अर्ज मी भरला. सिव्हिलला तपासणी आठवड्यातून एकच दिवस, बुधवारी. पहिल्या खेपेला हाडांचे डॉक्टर रजेवर. दुसऱ्या खेपेला सर्व्हर बंद. आक्का कुबडी घेऊन दोन एसट्या बदलून यायची आणि जिना चढायची. (पायाने अधू माणसांची तपासणी पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. ज्याने ही खोली ठरवली त्याला एकदा भेटायचंय मला.) शेवटी दाजींनी मला न सांगता गेटवरच्या एजंटला तीन हजार दिले. तिसऱ्या खेपेला तपासणी झाली, 50 टक्के आले. दाजींच्या मते ही एजंटची कृपा.

त्याच दिवशी चहाच्या टपरीवर तो एजंट एका पोराच्या बापाला तीन हजार मोजून परत देत होता. पोराचे टक्के पस्तिसावर अडकले होते, पगाराला चाळीस लागतात. बाप हात जोडत होता. दाजी मला कोपर मारून म्हणाले, "बघ, किती सरळ माणूस आहे."

मला तिथंच सगळा धंदा उलगडला. हा बाबा रांगेतल्या दहा जणांकडून पैसे घेतो आणि जिन्याची पायरीसुद्धा चढत नाही. ज्यांचे टक्के चाळिसाच्या वर जायचे ते जातातच, त्यांचे पैसे खिशात. बाकीच्यांचे परत, म्हणजे नावही चांगलं राहतं. टक्के केंद्राच्या राजपत्रातल्या सूत्राने निघतात. गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसाला 40 ओलांडायला कुणाच्या बापाची शिफारस लागत नाही. उगाच कमी दिले तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 59 खाली अपील आहे.

खरी गोम दाखल्यात नाही, उत्पन्नात आहे. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50,000, म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारही नाही. एवढ्यात चालणारं घर दाखवा मला. मग लोक उत्पन्न कमी दाखवून घेतात, आणि एकदा कागदावर खोटं आलं की एजंटपुढे मान खाली. आमची केस पगार मंजूर करणाऱ्या तालुक्याच्या समितीच्या बैठकीपायी सहा महिने लटकली. दाजी अजून म्हणतात, तुझ्या तत्त्वापायी आक्काचे सहा हजार बुडाले (तेव्हा महिना हजारच होता, दिव्यांगांना 2500 तर ऑक्टोबर 2025 पासून झाले). अहो दाजी, तीन हजार घेतलेला तुमचा माणूस तेव्हाही होताच की! त्याने का नाही बैठक लावली?

एक मात्र खरं. सेवा केंद्रात फॉर्म भरून घ्यायला शे-दोनशे दिले तर तो एजंट नव्हे, ती मजुरी. मी फॉर्म स्वतः भरायचा हट्ट धरला आणि आक्काचं आधारवरचं नाव एक आणि अर्जातलं एक असा घोळ केला, त्यात एक महिना माझ्यामुळे गेला. हे दाजींना माहीत नाही. आणि एजंट टक्के वाढवून देतो म्हणाला तर तिथून निघा. त्याच कायद्याच्या कलम 91 खाली खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

या वर्षी आक्का हयातीचा दाखला द्यायला तहसीलला गेली. दाजींनी तिथंही एकाला शंभर रुपये दिले, ती जिवंत आहे हे दाखवून द्यायला. आक्का समोरच उभी होती.