दारू सोडायची आहे. रोज पितो, सकाळी हात थरथरतात. एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मीटिंगला पहिल्यांदा कसं जायचं? उभं राहून बोलावं लागतं का, आणि कोणी ओळखीचं भेटलं तर?

आधी तब्येतीचं बघू, कारण तुम्ही लिहिलंय की रोज पिता आणि सकाळी हात थरथरतात. अशा माणसाने मीटिंगला जायचं ठरवलं म्हणून त्याच दिवशी दारू एकदम बंद करू नये. बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढच्या दोनेक दिवसांत भास, बडबड, ताप, घाम असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. डॉक्टरांना किंवा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा आणि रोज किती पिता ते कमी करून सांगू नका, औषधाचा डोस त्यावरच ठरतो. उपचार आणि मीटिंग दोन्ही एकत्र चालतं. मीटिंगमधला कोणी गोळ्या सोडायला सांगू लागला तर ते त्याचं वैयक्तिक मत, एएचं नव्हे.

शोधताना ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ हेच पूर्ण नाव टाका. नुसतं ‘व्यसनमुक्ती’ शोधलंत तर पैसे घेणाऱ्या केंद्रांच्या जाहिराती आधी येतात. फोनवर पलीकडचा माणूस तुमचा पत्ता विचारून ‘गाडी पाठवतो’ म्हणाला तर फोन ठेवा. एए भारतात 1957 पासून आहे. फी नाही, फॉर्म नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. काहीच सापडलं नाही तर 14446 या सरकारी हेल्पलाइनवर विचारा.

पत्ता मिळाला तरी आधी फोन करा, हे मी आग्रहाने सांगेन. मीटिंग बहुतेक वेळा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत असते. परीक्षा, निवडणूक, दिवाळीची सुट्टी आली की जागा बदलते आणि यादीत जुनीच राहते. वॉचमनला काही माहीत नसतं. नवा माणूस गेटवरून परत फिरतो आणि पुन्हा येत नाही. म्हणून फोनवर विचारा: आज मीटिंग नक्की आहे का, मराठीत की हिंदीत, कुठल्या मजल्यावर, आणि ओपन आहे की क्लोज्ड. ओपनला घरचं माणूस सोबत येऊ शकतं. क्लोज्ड फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. ‘पहिल्यांदाच येतोय’ म्हणालात तर बहुधा कोणीतरी गेटपाशी येऊन थांबतं. बाईने फोन केला असेल तर तिने महिला सदस्याशीच बोलायचं आहे असं स्पष्ट सांगावं. बऱ्याच ग्रुपमध्ये पुरुषच जास्त असतात.

पोटात काहीतरी घालून जा. मीटिंग साधारण संध्याकाळी, म्हणजे ऐन तलफेच्या वेळी असते आणि रिकाम्या पोटी ती जास्त छळते. दहा मिनिटं आधी पोहोचा. तास-दीड तासाचा कार्यक्रम असतो: प्रार्थना, थोडं वाचन, मग एकेक जण आपला अनुभव सांगतो. त्याला शेअरिंग म्हणतात. मधे कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. तुमच्याकडे आलं तर पहिलं नाव सांगून ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, चालतं. ‘मी अल्कोहोलिक’ असं पहिल्याच दिवशी म्हणायची सक्ती नाही. वर्गणीची पिशवी फिरते, नव्या माणसाने काही टाकलंच पाहिजे असं नाही. देवाचा उल्लेख येतो. तो ज्याला जसा समजला तसा धरायचा आहे, त्यावर वाद घालत बसू नका.

त्या दिवशी प्यायला असाल तरी जाऊ शकता, फक्त न बोलता ऐका.

ओळखीचं कोणी भेटलं तर? तोही त्याच कारणासाठी त्या खुर्चीत बसलाय. तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही ही परंपरा लोक मनापासून पाळतात. पण ती परंपरा आहे, कायदा नव्हे; त्यामुळे ऑफिसचं नाव, पोलीस केस, पैशांचे घोटाळे असं पहिल्याच दिवशी उघड करू नका. ऑनलाइन मीटिंगला तर आधी स्क्रीनवरचं आडनाव काढा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरलात की नंबर सगळ्यांना दिसतो, फोटोही दिसू शकतो, हेही लक्षात असू द्या.

माझ्या मते सगळ्यात मोलाची वेळ मीटिंग संपल्यानंतरची. चहा घेतात, खुर्च्या उचलतात, तेव्हा लगेच सटकू नका. दोघा-तिघांचे नंबर घ्या आणि ‘रात्री तलफ आली तर फोन करू का?’ असं थेट विचारा. स्टेशनपर्यंत कोणासोबत चाला, विशेषतः वाटेत तुमची नेहमीची परमिट रूम लागत असेल तर.

पहिला ग्रुप आवडला नाही तर दुसरा बघा, प्रत्येक ग्रुपचा स्वभाव निराळा असतो. चार-सहा मीटिंग्ज झाल्याशिवाय ‘हे आपल्यासाठी नाही’ असं ठरवू नका. मधे प्यायलात तरी पुढच्या मीटिंगला जा; पुन्हा पिऊन परत आलेले तिथे बरेच असतात.

आणि बायको, आईवडील यांच्यासाठी ‘अल-अनॉन’ ही वेगळी संघटना आहे, तिच्याही मीटिंग्ज फुकट असतात. पुण्याच्या आसपास असाल तर मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही घरच्यांसाठी काय सोय आहे ते विचारा. तुम्हाला न सांगता जेवणात पावडर मिसळायच्या जाहिरातींना मात्र घरच्यांनी अजिबात भुलू नये. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध) असलं आणि वर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.