ग्रोमॅक्सच्या सिम्युलेशननंतर व्हीएमडीत प्रोटीन फाटलेलं का दिसतं?

तुमचा प्रश्न: ग्रोमॅक्समध्ये (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारा प्रोग्रॅम) चालवलेलं सिम्युलेशन व्हीएमडीत (ते पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम) पाहताना, एचआयव्ही प्रोटीएझ या दोन साखळ्यांच्या प्रोटीनची एक साखळी मधेच सिम्युलेशनच्या पेटीच्या दुसऱ्या टोकाला जाते, पडदाभर लांब रेषा उमटतात आणि आरएमएसडी (संदर्भ रचनेपासून अणू सरासरी किती सरकले याचं माप) 0.2 वरून एका फ्रेममध्ये 4 नॅनोमीटरवर जातो. सगळं पुन्हा चालवायचं का?

इतक्यात नको. 99 अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या खरंच सुटल्या असत्या, तर त्याला कितीतरी फ्रेम लागल्या असत्या. एका फ्रेममधली उडी म्हणजे आवर्ती सीमा (पीबीसी): पेटीच्या उजव्या भिंतीतून बाहेर पडलेला अणू डावीकडून आत येतो. रेषांचं कारण वेगळं. जीआरओ फाइलमध्ये (अणूंच्या जागांची फाइल) बंधांची नोंद नसते. व्हीएमडी पहिल्या फ्रेममधल्या अंतरांवरून बंध ठरवतो आणि पुढे तेच ताणत नेतो.

दुरुस्ती ट्रजकॉन्व्हने (ग्रोमॅक्सची फ्रेम बदलून लिहिणारी आज्ञा) करा, पण क्रम मोडू नका. आधी -पीबीसी होल. इथे -एस ला (संदर्भ फाइल) टीपीआरच, म्हणजे सिम्युलेशन सुरू करताना दिलेली फाइलच द्या, कारण रेणू जोडायला बंधांची माहिती लागते. मग उड्या काढायला -पीबीसी नोजंप. हा संदर्भ फ्रेमवर विसंबतो, त्यामुळे टीपीआरमध्येच साखळ्या दूर असतील तर त्या दूरच राहतात. अशा वेळी साखळ्या जवळ आणणाऱ्या -पीबीसी क्लस्टरने पहिली फ्रेम वेगळी काढा आणि ती जीआरओ नोजंपला -एस म्हणून द्या. त्यानंतर -सेंटर, -पीबीसी मोल, -यूआर कॉम्पॅक्ट; मध्यासाठी प्रोटीन, आउटपुटला सिस्टिम. नोजंपमुळे पेटीबाहेर पसरलेलं पाणी इथे परत येतं. -फिट रॉट+ट्रान्स (प्रत्येक फ्रेम फिरवून-सरकवून संदर्भावर बसवणं) अगदी शेवटी, स्वतंत्र आज्ञेत. फिटनंतर अणू फिरतात, पेटी मात्र जुन्याच दिशेत राहते, म्हणून पुढे पीबीसीची कुठलीही दुरुस्ती चुकीचीच ठरते.

व्हीएमडीत जुनी जीआरओ उघडू नका. दुरुस्त एक्सटीसीतून (सगळ्या फ्रेमची फाइल) -डंप 0 ने नवी काढा, गटही तोच निवडा. नाहीतर अणूंची संख्या जुळत नाही.

फिट करण्याआधीच्या फाइलवर माइंडिस्ट -पीआय (किमान अंतर मोजणारी आज्ञा) जरूर चालवा. प्रोटीन आणि त्याची शेजारची प्रतिमा यांतलं अंतर कटऑफच्या (अणूंमधली ओढ थेट मोजायची मर्यादा), म्हणजे साधारण 1.0 ते 1.2 नॅनोमीटरच्या, खाली वारंवार जात असेल, तर प्रोटीन स्वतःलाच ओढतंय. तेव्हा मात्र मोठी पेटी घेऊन पुन्हा चालवावं लागेल. डोडेकाहेड्रॉन (बारा पृष्ठांची पेटी) घ्या; तेवढंच अंतर राखूनही तिचं आकारमान घनाकृती पेटीच्या सुमारे 71 टक्केच असतं, पाणी कमी लागतं.