सिएनात राहायचं की फ्लॉरेन्सहून ये-जा करायची?

तू विचारलंयस की बायकोला इटलीतल्या सिएनाच्या युनिव्हर्सिटीत दोन वर्षांचं काम मिळालंय, तुझं काम लॅपटॉपवरचं, मग फ्लॉरेन्सला घर घेऊन तिने बसने ये-जा केली तर चालेल का, कारण सिएना म्हणे एका दिवसात बघून होतं. मी इथे आठ वर्षं राहतोय. माझं ऐकशील तर सिएनातच राहा, आणि भाडं परवडलं तर तटबंदीच्या आत. बसला सव्वा तास लागतो हे आहेच, पण मी सांगतोय ते त्यासाठी नाही.

आधी एक, इथे फ्लॉरेन्सचं कौतुक जपून कर. 1260 मध्ये मोन्तापेर्तीच्या लढाईत सिएनाने त्यांना लोळवलं, आणि आमचा न्हावी ते मागच्या रविवारच्या मॅचसारखं सांगतो. 1555 मध्ये वेढ्यात उपासमार होऊन शहर पडलं आणि मग फ्लॉरेन्सच्या मेदिची या राज्यकर्त्या घराण्याकडे गेलं, तो विषय निघाला की त्याची कात्री जोरात चालते.

खरा घाव त्याच्या आधीचा, 1348 च्या प्लेगचा. इथलं कॅथेड्रल एवढं वाढवायला घेतलं होतं की आत्ताचं अख्खं चर्च त्याचा नुसता आडवा भाग झालं असतं. प्लेग आला, काम बंद पडलं, ती अर्धवट भिंत अजून तशीच उभी आहे आणि वर चढून जाता येतं. प्लेगच्या दहाएक वर्षं आधी आंब्रोजो लोरेन्झेत्तीने नगरपालिकेच्या वाड्यात, जिथे नऊ कारभारी बसायचे त्याच खोलीत, चांगला आणि वाईट कारभार रंगवला. एकीकडे दुकानं, छतावर काम करणारे गवंडी, नाचणारी माणसं, शहराबाहेर शेतं, आणि समोर सगळी वाताहत. परमिटच्या कागदांसाठी एका ऑफिसातून मला तिसऱ्यांदा परत पाठवलं त्या दिवशी मी मुद्दाम जाऊन ती वाईट कारभाराची भिंत बघत बसलो होतो, बरं वाटलं.

आता पालिओ. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला काम्पो या शंखासारख्या उतरत्या चौकात माती टाकून घोड्यांची शर्यत होते, तीन फेऱ्या, खोगीर नाही, दीड मिनिटाच्या आत खेळ खलास. शहराचे 17 मोहल्ले आहेत, कोंत्रादा म्हणतात, गोगलगाय, सुरवंट, लाट, हंसी अशी नावं, पण चौकात धावतात दहाच. घोडा चिठ्ठी टाकून मिळतो, शर्यतीच्या दिवशी त्याला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात, आणि जॉकी पडला तरी एकटा घोडा पहिला आला की जिंकला. जिंकलेले लोक मग बाळाची चोखणी तोंडात घालून फिरतात, म्हणजे आमचा नवा जन्म झाला. जो मोहल्ला सगळ्यात जास्त वर्षं जिंकला नाही त्याला चिडवून 'आजी' म्हणतात. चौकाच्या मध्ये उभं राहून बघायला पैसे पडत नाहीत, पण एकदा आत शिरलास की तासन्‌तास उन्हात, टॉयलेट नाही, लहान मूल असेल तर विसर.

पण तो दिवस तर टूरिस्टही बघतात. आत राहणाऱ्याला मिळतो तो बाकीचा काळ, उन्हाळा जवळ आला की गल्लीत पोरं ढोल आणि झेंड्यांची प्रॅक्टिस करतात, शर्यतीच्या आदल्या रात्री रस्त्यात टेबलं लावून हजारभर लोक जेवतात, आणि बारा महिने मोहल्ल्याचं स्वतःचं म्युझियम, चर्च, क्लब. आपल्या गणपती मंडळासारखं वाटेल, पण मंडळ बदलता येतं, कोंत्रादा नाही, मोहल्ल्याच्या कारंज्यावर बाप्तिस्मा होतो आणि माणूस मरेपर्यंत तिचाच. आपण तिथे राहून शेजारीच असतो. मला हे कळायला वेळ लागला, पहिल्या वर्षी हौसेने टपरीवरून जिराफ मोहल्ल्याचा रुमाल घेऊन गळ्यात घातला, राहायला दुसऱ्याच मोहल्ल्यात, खालच्या आजीबाईंनी काही न बोलता तो काढून माझ्या खिशात कोंबला. दोन वर्षांनी त्यांनीच जेवणाच्या टेबलावर मला जागा धरून ठेवली.

गाडी आणू नकोस, आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे आणि काम्पोतून तर 1960 च्या दशकापासून गाड्या हद्दपार आहेत. स्टेशन खाली आहे, वर यायला सरकते जिने. घर फायनल करायच्या आधी पत्ता मला पाठव, कुठल्या मोहल्ल्यात येतं ते सांगतो, आणि तोपर्यंत रुमाल घेऊ नकोस.