सत्तावन्नाव्या वर्षी स्टेंट, आणि कंपनी म्हणते राजीनामा द्या

प्रश्न : मी बेळगावजवळच्या मच्छे भागात राहतो. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत २७ वर्षं मोल्डर आहे. वय ५७, येत्या नोव्हेंबरात ५८ पूर्ण होतील. कारखान्यात १४० च्या आसपास माणसं आहेत. गेल्या जुलैत पगार वाढून एकूण २२,४०० झाला. त्यात बेसिक-डीए १८,५०० आणि बाकी घरभाडं, वाहनभत्ता. सोबत ‘सीनियर सुपरवायझर’ असं पत्र मिळालं, काम मात्र तेच. त्याच महिन्यापासून ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात बंद झाली. यंदा फेब्रुवारीत रात्री छातीत दुखू लागलं, घरच्यांनी जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं, अँजिओप्लास्टी झाली. बिल २,४५,००० रुपये. पतसंस्थेचं कर्ज काढलं, बायकोचे दागिने गहाण टाकले. दोन महिने बिनपगारी रजा झाली. हलकं काम करायला हरकत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. कंपनीत गेलो तर म्हणाले, ‘तुमच्या वयाला विमा परवडत नाही. भट्टीजवळ काही झालं तर जबाबदारी कुणाची? राजीनामा द्या, मग ठेकेदाराकडून रोजंदारीवर घेऊ. तसंही ५८ ला घरीच जायचं आहे.’ कागद कन्नड आणि इंग्रजीत आहे, मला नीट वाचता येत नाही. सही केलेली नाही. जिना चढताना दम लागतो, पण तो आधीपासूनचाच आहे. काय करू?

उत्तर : सही करू नका. बाकीचं सावकाश सांगतो, पण हे आधी.

तुमच्या कारखान्याला तुमचा खर्च नको आहे. आणि तो खर्च टाळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे तुमची सही. मालकानं स्वतःहून काढलं तर ती कामगारकपात ठरते. त्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा नोटीसपगार द्यावा लागतो आणि सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन भरपाई म्हणून मोजावं लागतं. तुमच्या २७ वर्षांचे होतात ४०५ दिवस, म्हणजे जवळजवळ साडेतेरा महिन्यांचा पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कपात झालेल्या कामगाराच्या नावे मालकानं आणखी पंधरा दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचं असतं, ते कामगाराच्या खात्यावर येतं. शिवाय त्याच प्रकारच्या कामातल्या सगळ्यात नव्या माणसाला आधी काढायचं हा जुना नियम संहितेतही आहे. सत्तावीस वर्षांच्या मोल्डरला काढून कालच्या पोराला ठेवायचं तर कारण नोंदवावं लागेल. तुम्ही राजीनामा दिलात की यातलं काहीच उरत नाही. स्वेच्छेनं नोकरी सोडणं ही कपात नव्हे.

ग्रॅच्युइटी मात्र दोन्ही वाटांनी मिळतेच. १८,५०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले २७ वर्षं, म्हणजे सुमारे २,८८,००० रुपये. ती तीस दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. हे मुद्दाम लिहितो, कारण ‘राजीनामा दिलात तर ग्रॅच्युइटी लगेच देऊ’ असं आमिष या भागात सर्रास दाखवलं जातं. जे तुमचंच आहे ते मिळवायला सही कशाला?

‘सुपरवायझर’ या पत्राचं कोडं इथं उलगडतं. देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० च्या वर वेतन घेणारा माणूस संहितेत ‘कामगार’ धरला जात नाही, मग कपातीचं संरक्षणही नाही. पण हुद्द्याचं नाव काय आहे याला न्यायालयं फारशी किंमत देत नाहीत. तुम्ही दिवसभर मुख्यतः काय करता ते बघतात. साचे तुम्ही स्वतः भरत असाल, कुणाची रजा मंजूर करणं, कुणाला नोटीस काढणं हे तुमच्याकडे नसेल, तर तुम्ही कामगारच. जुलैनंतरची प्रॉडक्शन शीट किंवा शिफ्टचा तक्ता, ज्यावर तुमचं नाव मोल्डिंगच्या कामापुढे आहे, त्याचा फोटो काढून ठेवा. दोन सहकारी साक्षीला तयार असतील तर उत्तम.

आता बिलाकडे येऊ. मला वाटतं, तुमचे खरे पैसे इथंच अडकलेत आणि तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही.

ईएसआयची पगारमर्यादा २०१७ पासून २१,००० आहे. तुमचा पगार जुलैत ती ओलांडून गेला म्हणून कपात जुलैतच थांबवली, ही कंपनीची चूक आहे. ईएसआयचं वर्ष दोन वर्गणीकाळांत चालतं : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. वर्गणीकाळ सुरू झाल्यावर मध्येच पगार वाढला तरी तो काळ संपेपर्यंत माणूस विमाधारकच राहतो. म्हणजे तुमची कपात ३० सप्टेंबरपर्यंत व्हायलाच हवी होती. आणि महत्त्वाचं पुढेच आहे. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीचे लाभ पुढच्या जानेवारी ते जून या काळात मिळतात. त्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी देय असली की आजारपणाचा भत्ता लागू होतो, आणि तो ज्याला लागू त्याला औषधोपचारही लागू. तुम्हाला झटका आला फेब्रुवारीत. म्हणजे त्या रात्री तुम्ही ईएसआयखाली होता, तुमच्याकडे तसं सांगणारं कुणी नव्हतं एवढंच.

एप्रिल ते जूनची कपात तर झालेलीच आहे. जुलै ते सप्टेंबरची कंपनीनं भरली नाही, पण मालकाच्या कसुरीपायी कामगाराचा हक्क बुडाला तर ईएसआयचं महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं, अशी तरतूद १९४८ च्या कायद्यापासून आहे. तेव्हा जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरच्या पगारपावत्या शोधा आणि ईएसआयच्या पोर्टलवर आपल्या विमा क्रमांकानं वर्गणीची नोंद काढून घ्या. मुलगा किंवा पुतण्या पाच मिनिटांत काढून देईल.

अचानक, जिवावर बेतलेल्या प्रसंगी खासगी हॉस्पिटलात उपचार घ्यावे लागले तर खर्चाची परतफेड मागता येते. पूर्ण २,४५,००० मिळतील असं मी म्हणणार नाही. महामंडळ ठरावीक सरकारी दरांपुरतीच परतफेड करतं, त्यामुळे काही भार तुमच्यावर राहीलच. अर्जासोबत डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, स्टेंटचं बिल आणि त्याच्या पाकिटावरचं स्टिकर, आणि दाखल करताना स्थिती तातडीची होती असा हॉस्पिटलचा दाखला लागेल. हा दाखला आजच मागा. महिने गेले की हॉस्पिटलंही टाळाटाळ करू लागतात. दोन बिनपगारी महिन्यांसाठी आजारपणाचा भत्ताही मागा. तो सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के असतो आणि वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. बाहेरच्या डॉक्टरांचे कागद आधी ईएसआयच्या दवाखान्यात दाखवून मान्य करून घ्यावे लागतील. अर्ज फेटाळला तर कर्मचारी विमा न्यायालयात दाद मागता येते.

आणखी एक मुद्दा आहे, तो वकिली म्हणूनच घ्या. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत वेतनाची व्याख्या बदलली. घरभाडं, वाहनभत्ता यांसारख्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापर्यंत वेतनात धरायच्या नाहीत. त्या हिशेबानं तुमचं वेतन १८,५०० ठरतं, म्हणजे २१,००० च्या खालीच. २१ नोव्हेंबरनंतर तुम्हाला पुन्हा ईएसआयमध्ये घ्यायला हवं होतं, असं मी तुमचा वकील असतो तर लिहून मागितलं असतं. कंपनी विरोध करील, पण मुद्दा मांडण्यासारखा आहे.

‘वयामुळे विमा परवडत नाही’ याबद्दल सरळच सांगतो. खासगी कारखान्यानं वयाच्या कारणावरून भेदभाव करू नये असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेतली समानता सरकारला बांधते, फौंड्रीच्या मालकाला नाही. त्यामुळे ‘हा माझ्यावर अन्याय आहे’ एवढ्यावर खटला उभा राहत नाही. तो कपातीच्या नियमांवर आणि निवृत्तीच्या वयावर उभा राहतो. मालकाचीही एक बाजू आहे. गटविम्याचा हप्ता वयस्क कामगारांमुळे चढतो आणि छोट्या फौंड्रीला तो जड जातो, हे खरं. पण तो भार कसा वाटायचा याचं उत्तर एका माणसाच्या राजीनाम्यात नाही. शिवाय नवी पोरं वाळूत आणि धगीत उभी राहायला तयार नाहीत, हे मालकाला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. ठेकेदारामार्फत परत घ्यायची तयारी आहे याचा अर्थच असा की तुमचा हात त्यांना हवाय, २७ वर्षांची सेवा नकोय.

५८ ला घरी जायचं हे कुठे लिहिलंय ते विचारा. नेमणूकपत्र आणि कंपनीचे प्रमाणित स्थायी आदेश, म्हणजे कारखान्याचे मान्य सेवानियम, यांची प्रत मागा. कर्नाटकानं २०१७ मध्ये आदर्श स्थायी आदेशांत निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं. नवी संहिता स्थायी आदेशांसाठी ३०० कामगारांची अट घालते, तेव्हा कंपनी म्हणेल की आम्हाला ते लागू नाही. पण तुमची सेवा ज्या अटींवर इतकी वर्षं चालली त्या एका तारखेला पुसल्या जात नाहीत. यावर वाद होईल, आणि तो लढण्याजोगा आहे. समजा हरलातच, तरी नोव्हेंबरात ‘निवृत्त’ म्हणून बाहेर पडणं आजच्या राजीनाम्यापेक्षा केव्हाही चांगलं. पीएफची पेन्शन ५८ च्या आधी सुरू केली तर दर वर्षामागे चार टक्के कायमची कमी होते. आणि ईएसआयची निवृत्तांसाठी एक सोय आहे, ती फारच थोड्यांना माहीत असते : किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती योजनेत बाहेर पडलेल्याला महिना दहा रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला उपचार मिळतात. पगारमर्यादा ओलांडल्यामुळे जे ईएसआयबाहेर गेले त्यांच्यासाठीही महामंडळानं फेब्रुवारी २०२४ मध्ये ही सोय खुली करण्याचा निर्णय घेतला. त्यात १ एप्रिल २०१२ नंतर विमाधारक असलेले आणि १ एप्रिल २०१७ नंतर ३०,००० पर्यंतच्या वेतनावर निवृत्त झालेले येतात. स्टेंटनंतर आयुष्यभर गोळ्या लागतात. साधा राजीनामा देऊन ही सोय गमावू नका.

सरकारी योजनांवर फार विसंबू नका. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये एपीएल कार्डवर पॅकेजच्या ३० टक्के मदत मिळते, वर्षाला दीड लाखापर्यंत. बीपीएलला पाच लाखांपर्यंत. रोख भरलेलं मागचं बिल त्यात बसणार नाही, पुढच्यासाठी कार्ड करून ठेवा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकानं तिला हरकत घेतली. त्या राजकारणात मी शिरत नाही. फेब्रुवारीचं बिल त्यातून निघणार नाही एवढं नक्की.

कंपनीला पत्र द्या : डॉक्टरांच्या दाखल्यानुसार मी हलक्या कामावर रुजू व्हायला तयार आहे, कोअर शॉप, पॅटर्न स्टोअर किंवा तपासणी विभागात काम द्यावं, मी राजीनामा दिलेला नाही आणि देणार नाही. हे शेवटचं वाक्य गाळू नका. कामावर लागताना कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवायची पद्धत जुनी आहे. उद्या तुमच्या सहीचा राजीनामा कपाटातून बाहेर आला, तर आधीच्या तारखेचं हे पत्र तुमच्या बाजूनं बोलेल. स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा. गेटवर अडवलं तर त्याच दिवशी कामगार खात्याकडे अर्ज करा. तडजोड झाली नाही तर न्यायाधिकरणाकडे जाता येतं. काढल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, पण दोन महिनेही थांबू नका.

अर्ज मराठीत चालेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी इथं सगळेच विचारतात. चालतो. घटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं मांडताना संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. तरीही माझा सल्ला असा की मराठी अर्जाला कन्नड भाषांतर जोडा. हक्क मराठीत शाबूत राहतो आणि काम कन्नडमुळे लवकर होतं. कंपनीच्या त्या कागदाबाबत मात्र उलट करा. जे वाचता येत नाही त्याची प्रत मागून घ्या, आणि ‘समजून घेण्यासाठी घेतली’ असं मराठीत लिहूनच पोच द्या.

राहिला दम. तुम्ही तो जाता जाता लिहिलाय, पण मी तिथं थांबलो. हृदयाच्या डॉक्टरांनी तो हृदयाचाच धरला असेल. सत्तावीस वर्षं मोल्डिंगच्या वाळूत काम केलेल्या माणसाच्या छातीचा एक्स-रे सिलिकोसिससाठी, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारासाठी, वाचायला हवा, आणि वाचणाऱ्याला कामाचं स्वरूप सांगायला हवं. नाहीतर क्षय किंवा दमा म्हणून औषधं सुरू होतात. सिलिकोसिस हा कायद्यानं मान्य केलेला व्यवसायजन्य आजार आहे. तो निघाला तर ती कामावरची इजा मानली जाते, वैद्यकीय मंडळ अपंगत्वाचं प्रमाण ठरवतं आणि त्यानुसार दर महिन्याची रक्कम मिळू शकते. तो दावा आजच्या सगळ्या हिशेबापेक्षा वेगळा आणि मोठा असेल. एक्स-रेचा अहवाल हातात आला की मूळ प्रत घरी ठेवा आणि फोटोकॉपी घेऊन या, कंपनीला दाखवण्याआधी.